चव घेतली, एवढंच

त्या रविवारी दुपारी नांदेडात, माझ्या मैत्रिणीच्या दिवाणखान्यात, आम्ही दारू पीत नव्हतो. चव घेत होतो. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं. कुणी विचारलं असतं तर मी त्यावर तासभर व्याख्यानही दिलं असतं. व्याख्यान देणं हा माझा धंदाच आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते.

मैत्रीण माझ्याच कॉलेजातली, इंग्रजी शिकवणारी. तिचा मुलगा अमेरिकेहून सुट्टीवर आला होता आणि येताना एक उंच, चौकोनी बाटली घेऊन आला होता. राय नावाच्या धान्याची व्हिस्की. ती आधी आतून जाळलेल्या लाकडी पिंपात काही वर्षं ठेवलेली, आणि मग शेवटचे काही महिने दुसऱ्या पिंपात, ज्यात पूर्वी टकीला ही मेक्सिकोकडची दारू मुरत पडलेली होती. जुनं पिंप रिकामं झालं तरी लाकूड विसरत नाही, त्याचा वास नव्या दारूला लागतो, असं मुलगा समजावून सांगत होता. जेवणाआधी चार माणसांनी मिळून ती चाखायची, असा बेत.

दारूच्या बाबतीत मी अगदी कोरी नव्हते. याच घरी एकदोनदा द्राक्षाची घेतली होती. पण माझ्या माहेरी हे बोलायचीसुद्धा सोय नव्हती. आमचं घर बौद्ध. आई रोज संध्याकाळी पंचशील म्हणायची आणि पाचव्या शीलाला, नशेपासून दूर राहण्याच्या त्या ओळीला, तिचा आवाज मुद्दाम चढायचा. शेजारच्या घरात ऐकू जावा म्हणून. आपल्याच घरातला धाकटा मुलगा पुढे त्याच ओळीत अडकणार आहे हे तिला कुठून माहीत असणार?

धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो गावीच राहतो, औशाच्या अलीकडे फाट्यावर उतरलं की समोरच दिसतं ते आमचं गाव. तो पितो. आधी सणावाराला प्यायचा, मग बाजारच्या दिवशी, आता दिवस कुठला याला महत्त्व राहिलेलं नाही. देशीचं दुकान आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. भावजयीनं सगळं करून पाहिलं, उपास, भांडण, माहेरी निघून जाणं. शेवटी तिनं ते दुकानच बंद करायचं मनावर घेतलं. गावातल्या बायकांनी सह्या करून मागणी केली की सरकारी माणसं येऊन बायकांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का मारणाऱ्या गावातल्या एकूण बाया-मतदारांच्या निम्म्याहून जास्त भरल्या तर दुकान बंद. आणि यातली गोम अशी की जी बाई मतदानालाच येत नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूनंच धरल्यासारखी असते.

म्हणून भावजय दारोदार फिरत होती. आमच्या वस्तीतल्या बायका तयार होत्याच. अडत होतं ते वरच्या आळीत. तिथल्या शेतकरी घरांतल्या बायकांचेही नवरे तेच पितात, त्यांच्याही पाठीवर तेच वळ असतात, पण आमच्या वस्तीत येऊन आमच्या घरालगतच्या विहारापुढच्या अंगणात बसायचं हे त्यांच्यानं होत नव्हतं. भावजयीनं कसं जमवलं कोण जाणे, पण त्या यायला कबूल झाल्या. एका अटीवर. "तुमच्या मॅडम येऊन बोलणार असतील तर येतो." मॅडम म्हणजे मी. त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या मुली माझ्याकडे शिकून गेल्या होत्या. बैठक सोमवारी संध्याकाळी ठरली होती. रविवारची दुपार माझी मोकळी होती.

तर दिवाणखाना. मुलानं पोटाला फुगीर आणि तोंडाला अरुंद असे चार छोटे ग्लास मांडले. पहिल्यांदा नुसता वास घ्यायचा, तोही तोंड किंचित उघडं ठेवून, नाहीतर नाक चरचरतं. पहिला घोट जिभेला सावध करायला. चव कळते ती दुसऱ्या घोटाला. मग चमच्यानं दोन थेंब पाणी टाकून पुन्हा बघायचं. थुंकायला एक वाडगंही ठेवलं होतं. त्यात कुणी थुंकलं नाही.

मैत्रिणीचा नवरा सर्जन आहे. तो डोळे मिटून "व्हॅनिला" म्हणाला, कारण खोक्यावर तसं छापलं होतं. मैत्रीण म्हणाली मध. टकीला कशाची करतात म्हणून मी विचारलं, तर मुलानं फोनवर त्या झाडाचं चित्र दाखवलं आणि मी ओरडलेच, "अरे, हे तर आपलं केकताड!" अगदी तेच नव्हतं, पण भावकीतलं होतं. जाड काटेरी पाती, बांधावर लावतात ते. आमच्याकडे त्याची पाती पाण्यात कुजवून, झोडपून दोर वळायचे. दिवाणखान्यात हशा पिकला. "केकताडाची दारू!" सर्जननं टाळी दिली. मग मला जोर चढला. मी सांगितलं की आधी काळी मिरी कुटताना येतो तसा झणका येतो, मधे भाजलेल्या कणसाचा गोडवा, आणि सगळं गिळून झाल्यावर मागे काहीतरी हिरवं, कच्चं, जरासं खारट राहतं. ते केकताडाचं. मुलगा म्हणाला, "मावशी, तुमची जीभ जबरदस्त आहे. तिकडे लोक वर्ग लावून हे शिकतात."

झालं. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देणाऱ्या बाईला कुणीतरी गुण दिले की तिचं काय होतं, ते त्या दुपारी बघण्यासारखं होतं. मी पाण्याशिवायची पुन्हा मागितली, तुलना करायला. मग पाण्याची. मग बर्फ टाकून चव मरते का, हा एक नवाच शास्त्रीय प्रश्न मी काढला. हसता हसता ग्लास कलंडला आणि पदरावर सांडला. सर्जन म्हणाला, "सांडली तीच सगळ्यात महागाची." आम्ही पुन्हा हसलो.

तेवढ्यात भावजयीचा फोन आला.

"आक्का, उद्या वरल्या आळीत साखरपुडा निघाला. बाया म्हणूलाल्यात, बैठक आजच घ्या. आज न्हाई जमली तर मतदानाआधी पुन्हा येत न्हाईत त्या. तुम्ही निघा बरं आत्ताच."

मला "आज जमत नाही" म्हणता आलं असतं का? नाही. हे मला आजही मान्य आहे. पण "निघते" म्हणताना माझ्या मनात काळजीचा लवलेश नव्हता, हे मला आज सहन होत नाही. मी स्वतःला सांगितलं, थोडीशी तर चव घेतली. माझे पाय जागेवर होते, डोकं जागेवर होतं. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. साडी बदलायला गेले असते तर गाडी चुकली असती. मी चूळ भरली, पदर ओल्या रुमालानं पुसला, मूठभर बडीशेप तोंडात टाकली आणि हुंगून पाहिलं. मला नुसता बडीशेपेचा वास आला. दुपारभर ज्याचं नाक त्या ग्लासात बुडालेलं, त्याला दुसरं काय येणार?

मुलानं बसस्टँडवर सोडलं. लातूरची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक वयस्क बाई येऊन बसली, कपाळाला माहूरच्या देवीचा मळवट, मांडीवर प्रसादाची पिशवी. लोह्याला गाडी भरली. एक मजूर चढला, सिमेंटनं पांढरे झालेले पाय, हातात थापी बांधलेलं फडकं, आणि आमच्या पुढच्याच सीटवर टेकला.

थोड्या वेळानं शेजारची बाई नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागली. "कोन पिऊन बसलंय गं माय? वास येऊन राहिला." मी खिडकीबाहेर पाहिलं. तिनं पुढे वाकून त्या मजुराच्या खांद्याला बोट लावलं. "ए बाबा, दिवसाढवळ्या? लाज हाय का न्हाई?"

तो गोंधळला. म्हणाला, "मी न्हाई घेतली मावशी. कामावून आलो."

"मंग काय मी घेतली? का ह्या बाईनं घेतली?" तिनं माझ्याकडे हात केला आणि आजूबाजूचे हसले. माझी सुती साडी, चष्मा, मांडीवरची झोळी. हसण्यासारखीच गोष्ट होती.

कंडक्टर आला. त्यानं त्या माणसाला तोंड उघडायला लावलं, हा करून श्वास सोडायला लावलं. सगळ्या गाडीदेखत एका बाप्या माणसानं लहान पोरासारखा आ केला. कंडक्टरला काही वास आला असेल असं मला वाटत नाही, पण बाया कुरकुरत होत्या आणि निकाल आधीच लागलेला होता. "जा, मागं उभा ऱ्हा. लेडीज हायेत हितं." तो उठला. आईशप्पथ घेतली न्हाई, असं तो जाताना दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा तर कुणाकडे बघून म्हणायचं हेही त्याला कळत नव्हतं.

मी बोलले नाही. बोलायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. ज्या तोंडानं मी वर्षानुवर्षं मुलांना अन्यायाविरुद्ध बोला म्हणून सांगत आले, ते मी ओठ घट्ट दाबून, नाकानं श्वास घेत, लातूर येईपर्यंत बंद ठेवलं. शेजारणीनं मला प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा दिला. "खा बाई, मळमळायचं थांबंल. ह्या लोकायला काय, लाज सोडली की झालं." मी खोबरं घेतलं आणि मान हलवली. मान हलवली, म्हणजे मी तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि तरीही मी उठून मागे गेले नाही.

लातूरला गाडी बदलून फाट्यावर उतरले तेव्हा दिवस मावळला होता. भावजय घ्यायला आली होती. नवं लुगडं, केसांना तेल, तोंडावर हसू. "लई बाया आल्यात आक्का, अंगण पुरंना. तुमची वाट बघूलाल्यात." असं म्हणत ती पाया पडायला वाकली. आणि उठताना थांबली.

तिला हुंगावं लागलं नाही. बाकीच्यांना वास कुठून येतोय ते शोधावं लागतं. ही बाई पंधरावीस वर्षं त्या वासाशेजारी झोपत आली आहे. हसू गेलं. राग मात्र आला नाही. तिच्या चेहऱ्यावर एकदम कामाला लागलेल्या माणसाचा भाव आला. तिनं माझी झोळी आपल्या खांद्यावर घेतली, कनवटीला बांधलेल्या लवंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "तोंडात धरा. मागच्या बोळातनं जाऊ. सरळ चला, कुनाशी बोलू नका."

मी म्हटलं, "अगं, तसं काही नाही. मी नुसती चव घेतली."

"हाव," ती म्हणाली. माझ्या दंडाला धरून ती चालत होती, मी अडखळत नसतानाही.

मागच्या दारानं तिनं मला घरात घेतलं आणि आतल्या खोलीत नेलं. तिथं खाटेवर भाऊ पडला होता. तिनं मला त्याच्याच खाटेच्या कडेला बसवलं, गोधडी दिली आणि बाहेर गेली. जाताना दार ओढून घेतलं. बाहेर तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला: "आक्काला गाडी लागली. उलट्या हूलाल्यात. पडल्यात जरा." इतकं सफाईदार खोटं. एकदाही अडखळली नाही.

अर्धवट अंधारात भाऊ उठून बसला. त्यानं एकदा नाकानं श्वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं, हसेल, टोमणा मारेल. तो फक्त भिंतीकडे सरकला आणि माझ्यासाठी जागा केली. "बस आक्के, नीट बस." मग हळूच, अगदी आदरानं विचारलं, "कुठली होती?"

आणि मी सांगायला सुरुवात केली. खरंच केली. "राय म्हणून एक धान्य असतं," इथपर्यंत आले. तो मन लावून ऐकत होता. दिवाणखान्यातल्या कुणीही इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. मग माझं मलाच ऐकू आलं आणि मी वाक्य तिथंच तोडलं. "भारी असंल," तो म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

बाहेर बैठक सुरू झाली. माझ्या जागी भावजय बोलत होती. ती कधी चार माणसांत उभी राहून बोललेली नाही. सुरुवातीला शब्दच फुटेनात. मग ती नुसती सांगत गेली, चिठ्ठी कशी असते, आडवी बाटली कुठल्या बाजूला, शिक्का कुठं मारायचा, घरी कुणी विचारलं तर काय सांगायचं. मी जे काही बोलणार होते त्यात यातलं एकही नव्हतं. माझ्याकडे स्त्री आणि समाज अशी सुरुवात तयार होती.

बैठक संपल्यावर अंगणातून पावलं घराकडे आली. दाराशी कुणीतरी म्हणालं, "मॅडमला बघून जाते." वरच्या आळीतली म्हातारी होती ती. मी लहानपणापासून तिला ओळखते. त्या घरची बाई आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडून आलेली नव्हती. माझ्या आईनं जन्मभर त्यांच्या शेतात खुरपलं, पाणी ओंजळीत वरून ओतून घेतलं. आज ती आपल्या पायानं आमच्या आतल्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिच्या हातात लिंबू-पाण्याचा तांब्या होता, आमच्याच माठातल्या पाण्याचा. तिनं आधी त्यातला घोट घेऊन साखर बघितली होती, कारण म्हणाली, "गोड बरं झालंय, पी बाई."

आईनं या घटकेसाठी काय दिलं असतं. मी उठून "या, बसा" म्हणायला हवं होतं. मी गोधडी नाकापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. "झोप लागली वाटतं," ती म्हणाली आणि गेली. भावजयीनं तिला अंगणाच्या टोकापर्यंत पोचवलं.

नंतर भावजयीनं आम्हा दोघा बहीणभावांना दोन ताटं वाढली, एकसारखीच, भाकरी, पिठलं आणि वर लिंबाची फोड. मी पुन्हा म्हटलं, "खरंच गं, मी पीत नाही. सगळ्यांत मिळून जरा चाखली, एवढंच."

ती चुलीतली राख सारत होती. "ह्ये बी पयले तसंच म्हनायचे आक्का," ती म्हणाली. "मला काय बोलायचं न्हाई. पर मतदान हुईस्तोवर इकडं येऊ नका. म्या एकाला झाकू शकते."

मी सकाळच्या गाडीनं परत आले. मतदानाला गेले नाही. माझं मत तिथं नाहीच, पण मतदान होतं त्या शाळेच्या दाराशी नुसती उभी राहायलाही गेले नाही. मैत्रिणीच्या घरी त्यानंतर दोनदा बोलावणं आलं, मी कारणं सांगितली. त्या दुपारचा पदरावरचा साधा डागसुद्धा धुतल्यावर राहिला नाही.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी भावजयीचा फोन आला. मागे हलगी वाजत होती, बाया ओरडत होत्या. "आक्का, बाटली आडवी झाली!" ती रडत होती की हसत होती ते कळेना. वरच्या आळीतल्या बाया एकत्र, गटानं आल्या होत्या, म्हातारीला खुर्चीवर बसवून आणलं होतं. मी तिचं अभिनंदन केलं. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता, म्हणून मी ते दोनदा केलं.

मग हलगीचा आवाज लांब गेला. ती बाजूला आली असावी. आवाज उतरवून, कुणी ऐकणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, "आक्का, आता या निवांत. चार दिस ऱ्हावा हितं. गावात आता काईच मिळायचं न्हाई. तुमाला बी बरं पडंल."

तिच्या बोलण्यात मी टोमणा शोधला. तो असता तर मला भांडता आलं असतं. तिचा आवाज मायेनं भरलेला होता.

"येते," मी म्हटलं.